‘डिस्को दीवाने’ची एलपी : बिद्दूंच्या हाताखालची नाझिया

पाकिस्तानी गायिका नाझिया हसन आणि तिचा भाऊ झोहेब यांची ‘डिस्को दीवाने’ ही 1981 सालची एलपी जुन्या रेकॉर्डींच्या बाजारात अजूनही अधूनमधून हाती लागते. बहुतेक लोक ती शीर्षकगीतासाठी घेतात, घरी आणून ते एक गाणे दोनदा वाजवतात आणि मग रेकॉर्ड कपाटात जाते. मला ही एलपी त्याहून कितीतरी अधिक कान देऊन ऐकण्याजोगी वाटते. शास्त्रीय तालमीतून न आलेला एका शाळकरी मुलीचा आवाज एका मुरलेल्या संगीतकाराच्या हाती पडला, त्याने त्या आवाजाचे काय केले, काय जाणूनबुजून केले नाही आणि कुठे त्याचा हात जरा जास्तच जड झाला, याचा बहुतेक सगळा हिशेब या एकाच तबकडीत ऐकायला मिळतो. तो संगीतकार म्हणजे लंडनवासी बिद्दू. या परीक्षणात रेकॉर्डइतकेच त्यांच्याविषयीही लिहावे लागणार आहे, कारण त्यांना बाजूला ठेवून या गाण्यांचा विचार करताच येत नाही.

खरेदीदाराने आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ‘आप जैसा कोई’ हे गाणे या एलपीवर नाही. ते 1980 च्या ‘कुर्बानी’ चित्रपटाचे, आणि त्या चित्रपटाची रेकॉर्ड पॉलिडॉरची होती, तर ‘डिस्को दीवाने’ एचएमव्हीची. जुन्या रेकॉर्डी विकणारे पुष्कळदा ‘नाझियाची आप जैसा कोईवाली’ असे सांगून ही एलपी पुढे करतात. त्यांचा हेतू फसवण्याचा असतोच असे नाही, कारण लोकांच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत केव्हाच मिसळून गेल्या आहेत. पण तेवढ्या एका गाण्यासाठी पैसे मोजणाऱ्याची घरी आल्यावर निराशा होते. तरीही या रेकॉर्डीकडे जाण्याची वाट त्याच गाण्यावरून जाते.

बिद्दू अप्पय्या यांचा जन्म 1945 चा, बंगळूरचा. तरुणपणी ट्रोजन्स नावाच्या बँडमधून त्यांनी इंग्रजी गाणी गायली आणि 1967 मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथे पडेल ते काम करत, थोडे पैसे साठले की स्टुडिओ भाड्याने घेत त्यांनी निर्मितीचे काम अंगी मुरवले. 1974 मध्ये कार्ल डग्लस या गायकाचे ‘कुंग फू फायटिंग’ त्यांनी केले. ते रेकॉर्डीच्या दुसऱ्या बाजूला टाकायचे म्हणून ध्वनिमुद्रणाचा वेळ संपत आला असताना घाईघाईने उरकलेले गाणे होते, असे ते स्वतः सांगत आले आहेत. ते ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर गेले. दोन वर्षांनी, 1976 मध्ये, त्यांनी निर्मिती केलेले टिना चार्ल्सचे ‘आय लव्ह टू लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. टिनाच्या साथीला वाजवणाऱ्या बँडमध्ये त्या काळात ट्रेव्हर हॉर्न आणि जेफ डाऊन्स होते, म्हणजे पुढे 1979 मध्ये बगल्स या नावाने जगभर गाजलेली जोडी. थोडक्यात, 1980 च्या आसपास लंडनच्या नृत्यसंगीतात बिद्दू हे नाव चांगलेच वजनदार होते आणि एखाद्या चित्रपटातल्या एका गाण्यासाठी कोणाच्या मागे लागण्याची त्यांना काहीच गरज नव्हती.

गरज ‘कुर्बानी’चे निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान यांना होती. चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते, पण झीनत अमानवर चित्रित होणाऱ्या एका गाण्यासाठी खान यांना मुंबईत न मिळणारा आवाज आणि न मिळणारा ठेका हवा होता. कराची आणि लंडन यांच्यात वाढलेली, लहानपणी पाकिस्तान टेलिव्हिजनवर सोहेल राणा यांच्या मुलांच्या कार्यक्रमात गायलेली नाझिया त्यांना इंग्लंडमधल्या एका मेजवानीत भेटली आणि त्यांनी तिला आवाजाच्या चाचणीसाठी बिद्दूंकडे पाठवले. नाझियाचा जन्म 3 एप्रिल 1965 चा. म्हणजे हे सारे घडत होते तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती.

त्या वयाचा आणि त्या जातीचा आवाज समोर आला असता मुंबईतल्या एखाद्या संगीतकाराने काय केले असते, याचा विचार करून पाहावा. नाझियाचा आवाज काहीसा अनुनासिक, वरच्या पट्टीत पातळ होणारा आणि हरकती-मुरक्यांपासून दूर राहणारा. आपल्याकडे तेव्हा चित्रपटगीताचे ध्वनिमुद्रण म्हणजे ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत पन्नास-साठ वादक एकत्र बसलेले, काचेपलीकडे गायिका उभी आणि सगळे एकाच वेळी सुरू. त्या वाद्यमेळात गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक, ट्रम्पेटवादक असत, सेबास्टियन डिसोझांसारख्यांनी लिहून दिलेले संयोजन समोरच्या स्टँडवर असे, आणि एकाची चूक झाली की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. या पद्धतीने जी गाणी दिली ती अजोड आहेत, याबद्दल वादच नाही. पण ही पद्धत तयार गळ्यासाठी होती. वाद्यांच्या एवढ्या मोठ्या लाटेवर स्वार होण्याचे बळ ज्या आवाजात नाही, त्याला तिथे जागा नव्हती.

लंडनमध्ये बिद्दूंच्या हाताशी 24 ट्रॅकची सोय होती. ढोल वेगळे, बास गिटार वेगळी, तंतुवाद्ये वेगळी, सिंथेसायझर वेगळा आणि आवाजही वेगळा, असे सारे स्वतंत्र पट्ट्यांवर घेऊन नंतर निवांतपणे त्यांची पातळी ठरवता येत होती. गायिकेने एखादी ओळ पुन्हा गायली म्हणून साठ माणसांना थांबावे लागत नव्हते. यातून जी मोकळीक मिळाली ती बिद्दूंनी आवाज सुधारण्याकडे फारशी खर्च केली नाही. त्यांनी नाझियाकडून तीच ओळ दुसऱ्यांदा गाऊन घेतली आणि दोन्ही आवाज एकावर एक ठेवले. पाश्चात्त्य पॉप संगीतात ही युक्ती जुनी, पण हिंदी चित्रपटगीताला तोवर जवळजवळ अपरिचित होती. हेडफोन लावून ‘आप जैसा कोई’ ऐकले तर त्यातली गंमत कळते. दोन्ही वेळा गाणारी मुलगी एकच असली तरी दोन्ही वेळचे श्वास तंतोतंत सारखे नसतात, एखादे व्यंजन निमिषभर मागेपुढे पडते, स्वर किंचित सरकलेले असतात, आणि त्या सूक्ष्म फरकातून पातळ आवाजाला एकाएकी रुंदी येते. आवाजातला कोवळेपणा, तो जरासा थंडपणाही, तसाच राहतो. साऱ्या मोठेपणात बिद्दूंनी दाखवलेली शहाणपणाची गोष्ट मला हीच वाटते. समोरच्या मुलीला लता किंवा आशा करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. अंगाचे माप घेऊन कपडा शिवावा तसे त्यांनी गाणे तिच्या आवाजावर बेतले.

त्याचे फळ लगेच मिळाले. 1981 मध्ये नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे फिल्मफेअर मिळाले, आणि एवढ्या लहान वयात ते त्या विभागात दुसऱ्या कोणाला मिळालेले नाही. याला एक पार्श्वभूमीही होती. लता मंगेशकर यांनी या पुरस्काराच्या स्पर्धेतून बऱ्याच आधी माघार घेतली होती आणि 1979 चा पुरस्कार घेतल्यानंतर आशा भोसले यांनीही आपले नाव यापुढे विचारात घेऊ नये असे कळवले होते, त्यामुळे त्या वर्षी दार नव्या आवाजांसाठी उघडे होते. त्याने नाझियाच्या यशाला उणेपणा येत नाही. दारातून आत जाणारे गाणे शेवटी तिचेच होते.

चित्रपटातल्या एका गाण्याच्या जोरावर अख्खी बिनचित्रपटाची एलपी काढणे हा मात्र धाडसाचा व्यवहार होता. मराठी श्रोत्याला चित्रपटाविना गाणे ही नवलाई नव्हती. गजानन वाटव्यांपासून अरुण दात्यांपर्यंत भावगीताने आकाशवाणी आणि एचएमव्हीच्या तबकड्या यांच्या बळावर स्वतःचा श्रोतृवर्ग उभा केला होता. हिंदीत गझल आणि भजन यांनाही असा आसरा होता. पण पडद्यावर कोणी नट-नटी नसताना नुसत्या नाचण्याजोग्या हिंदी-उर्दू गाण्यांची एलपी देशभर खपेल, यावर पैसे लावायला छातीच लागते. आणि बिद्दूंनी इथे पुन्हा एक समंजस गोष्ट केली. त्यांनी नाझियाला एकटीला पुढे केले नाही, धाकटा भाऊ झोहेबलाही बरोबर घेतले आणि भावंडांच्या घरातले गाणे रेकॉर्डवर येऊ दिले.

आता प्रत्यक्ष गाणी. शीर्षकगीताबद्दल नवे सांगण्यासारखे थोडेच उरले आहे, परंतु ते एलपीवर ऐकताना जाणवणारी एक गोष्ट लहान स्पीकरवर हरवते. या गाण्याचा खरा नायक त्याचा खालचा मजला आहे. ढोलाचा चारही मात्रांवर पडणारा सारखा ठोका आणि त्याच्या आतबाहेर खेळणारी बास गिटार यांची वीण अशी आहे की आवाजाने काहीच केले नसते तरी पाय हलले असते. आणि म्हणूनच आवाजाला फार काही करावे लागत नाही. नाझिया शब्द सरळ टाकते, ओळीच्या शेवटी स्वर लांबवत बसत नाही, मधल्या जागा तंतुवाद्यांना आणि कोरसला सोडून देते. याच सुमारास मुंबईतही डिस्कोची लाट होती. ‘कर्ज’ 1980 मध्येच आला होता, बप्पी लाहिरी जोरात होते. त्या गाण्यांत मजा पुष्कळ आहे, पण त्यांत प्रत्येक कोपरा वाद्यांनी भरलेला असतो. बिद्दूंच्या गाण्यात रिकामी जागा आहे, आणि ती रिकामी ठेवण्याइतका आत्मविश्वास त्यांच्याकडे लंडनमधल्या अनुभवाने आला असावा, असे मला वाटते.

‘आओ ना’ याच कुळातले. शीर्षकगीतापेक्षा मला ते कांकणभर सरस वाटते, कारण त्यात नाझियाच्या आवाजातला खट्याळपणा अधिक उघड आहे आणि चाल तिला वरच्या स्वरांत ताणत नाही. तिचा आवाज जिथे सुखाने राहतो त्या मोजक्या स्वरांच्या पट्ट्यातच मुखडा फिरतो. हा योगायोग नसून बेत आहे, हे तीन-चार गाणी ओळीने ऐकली की ध्यानात येते. जिथे उंच जायचे तिथे कोरस किंवा व्हायोलिने जातात, आणि मुलगी खाली आरामात उभी राहून गाते. उत्तम निर्माता गायकाच्या मर्यादेवर कसा पहारा ठेवतो, याचा हा वस्तुपाठ आहे.

तरीही या एलपीवरची मला सर्वांत प्रिय वाटणारी जागा नाचाच्या गाण्यात नाही. ‘लेकिन मेरा दिल’ सुरू होते तेव्हा ठेक्याचा दाब कमी होतो, आणि तोवर डौलात वावरणारी ही मुलगी एकदम तिच्या खऱ्या वयाची वाटू लागते. आवाजातले ते जरासे नाकातले वळण, जे वेगवान गाण्यात नखरा वाटते, तेच इथे उदासी होते. ती दुःख आळवत नाही. शब्द सांगून टाकते आणि पुढे जाते. आपल्या कानांना विरहाच्या गाण्यात हुंदक्याची सवय झालेली असल्यामुळे पहिल्यांदा हे कोरडे वाटू शकते. मला तर त्यातच त्याची चव वाटते. पंधरा-सोळा वर्षांची मुले मन मोडले तरी चारचौघांत असाच चेहरा करतात.

झोहेबच्या वाट्याची गाणी, म्हणजे ‘मुझे चाहे ना चाहे’ किंवा ‘तेरे कदमों को’, ही मऊ आहेत आणि त्यांत भावंडांचे आवाज एकमेकांना सांभाळून घेतात. झोहेबचा आवाज बहिणीइतका वेगळा नाही. अवघ्या काही सुरांत ओळखू यावा असा गुण त्यात नाही. पण दोघे एकत्र आले की घरात वर्षानुवर्षे एकत्र गाणाऱ्यांच्या आवाजात जी जुळणी असते ती इथे सहज येते, आणि कोणत्याही यंत्राने ती आणता आली नसती. बिद्दूंनी या गाण्यांत वाद्यमेळ आवरता घेतला आहे, हे त्यांच्या चांगल्या बाजूला मांडले पाहिजे.

उणीही आहेत. शब्द ही या रेकॉर्डीची सर्वांत लंगडी बाजू. ‘आप जैसा कोई’ला इंदीवर यांच्यासारख्या मुरलेल्या गीतकाराचा हात लागला होता आणि साध्या शब्दांतही त्याला एक घाट होता, इथे अनेक ओळी ठेक्याच्या खणात बसाव्यात म्हणून बसवलेल्या वाटतात, आणि कागदावर उतरवून वाचाव्यात अशा फारच थोड्या आहेत. दुसरे असे की मधली काही गाणी, त्यांत ‘गाएं मिलकर’ आणि ‘कोमल’ मी धरतो, एकमेकांच्या फार जवळची आहेत. ढोलाचा नाद तोच, तंतुवाद्यांची फेक तीच, कोरसची येण्याची वेळही तीच. इथे बिद्दूंच्या हाताचा जडपणा जाणवतो. एकदा जमलेला साचा त्यांनी पुन्हा पुन्हा वापरला आहे, आणि त्यांची लंडनमधली कामे ज्याने ऐकली आहेत त्याला काही वळणे ओळखीची वाटल्यावाचून राहणार नाहीत. नाझियाच्या आवाजात खालच्या पट्टीत एक गडद छटा आहे, ‘धुंधली रात के’सारख्या गाण्यात ती थोडी दिसते, तिचा उपयोग याहून अधिक व्हायला हवा होता. नाचाच्या घाईत तो राहून गेला.

आता वस्तू म्हणून या एलपीबद्दल. माझ्याकडची प्रत मुंबईच्या चोर बाजारात मिळालेली, आधीच्या मालकाने भरपूर वाजवलेली. त्या काळी घरोघरी असलेल्या प्लेअरची सुई जड असे आणि ती वेळच्या वेळी बदलण्याची पद्धत फारशी नव्हती, त्यामुळे लोकप्रिय रेकॉर्डींची खोबण जितकी झिजलेली सापडते तितकी कोणी फारशा न ऐकलेल्या रेकॉर्डींची सापडत नाही. या एलपीवर ती झीज नेमकी आवाजात ऐकू येते. बास आणि ढोल शाबूत असतात, पण नाझियाने ‘स’ किंवा ‘श’ उच्चारला की तो फाटतो, आणि आवाज दुहेरी असल्यामुळे फाटणेही दुहेरी होते. तबकडीच्या मध्याजवळ, म्हणजे प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्यात, हा त्रास वाढतो. विकत घेताना तबकडी दिव्याखाली तिरकी धरून पाहावी. वरवरचे केसासारखे चरे दिसले तर घाबरायचे कारण नाही, धुतल्यावर त्यातली बरीचशी खरखर जाते. पण चकाकी जाऊन खोबण करडी पडलेली दिसली तर ती झीज आहे आणि ती कशानेही भरून येत नाही. मधल्या भोकाभोवती लेबलावर प्लेअरच्या मधल्या खुंटीने ओढलेल्या रेघा दाट असतील तर रेकॉर्ड किती वेळा चढवली-उतरवली गेली याचा अंदाज त्यावरूनही बांधता येतो. शक्य असेल तर दुकानातच लावून ऐकावी आणि सुई पहिल्या गाण्यावर न टेकवता शेवटच्या गाण्यावर टेकवावी.

स्ट्रीमिंगवर ही गाणी सहज उपलब्ध आहेत आणि ज्यांच्याकडे टर्नटेबल नाही त्यांनी केवळ यासाठी ते घेण्याची गरज नाही. तिथे खरखर नाही, ‘लेकिन मेरा दिल’मधल्या शांत जागा स्वच्छ ऐकू येतात. मात्र दोन गोष्टींकडे लक्ष असू द्यावे. एक म्हणजे नाझियाच्या नावाने शोधले की मूळ गाण्यांच्या शेजारीच रिमिक्स येऊन बसतात आणि दोन्हींत गल्लत होते. दुसरे, 2012 च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये शीर्षकगीताचा जो नवा अवतार आला त्यात नाझियाचा मूळ आवाज वापरलेला आहे, त्यामुळे अनेक तरुण श्रोते त्यालाच मूळ गाणे समजतात. तो अवतार आपल्या जागी झकास आहे, पण मघाशी म्हटलेली रिकामी जागा त्यात शिल्लक नाही. दोन्ही पाठोपाठ ऐकले तर बिद्दूंनी काय वगळले होते ते चटकन कळते.

या एलपीनंतरची वाटचाल थोडक्यात सांगण्यासारखी आहे. 1982 च्या ‘स्टार’ चित्रपटाचे संगीत बिद्दूंचे आणि आवाज या भावंडांचे होते. चित्रपट पडला, गाणी ‘बूम बूम’ या नावाने टिकली. 1984 मध्ये ‘यंग तरंग’ हा अल्बम आला. ‘यंग तरंग’मधली गाणी ऐकताना नाझियाचा आवाज भरलेला, स्थिर झालेला जाणवतो, पण त्याच्याभोवतीचे संगीत त्या मानाने पुढे सरकलेले वाटत नाही. मार्गदर्शक नेमका कुठे हात सोडायचा हे चुकला की काय, असा प्रश्न मला तिथे पडतो. नाझियाने मात्र गाण्याला आयुष्याचा एकुलता एक आधार कधी केले नाही. ती लंडनमध्ये शिकली, कायद्याची पदवी घेतली, संयुक्त राष्ट्रांत काम केले. पुढे बिद्दूंनी ‘मेड इन इंडिया’ हे गाणे तिला डोळ्यांसमोर ठेवून रचले, तेव्हा पाकिस्तानातल्या आपल्या माणसांना ते रुचणार नाही म्हणून तिने नकार दिला. ते 1995 मध्ये अलिशा चिनॉयने गायले आणि इंडिपॉपची मोठी लाट त्याने आणली. ज्या माणसाने आपल्याला घडवले त्याचे हमखास चालणारे गाणे नाकारायला स्वतःची ओळख पक्की असावी लागते. 13 ऑगस्ट 2000 रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने लंडनमध्ये तिचे निधन झाले. तेव्हा ती पस्तीस वर्षांची होती.

एलपी घ्यावी की नाही, याचे माझे उत्तर असे. ज्यांना फक्त शीर्षकगीत हवे आहे त्यांनी स्ट्रीमिंगवर भागवावे आणि ज्यांना ‘आप जैसा कोई’ हवे आहे त्यांनी ‘कुर्बानी’ची रेकॉर्ड शोधावी; ती मिळायलाही सोपी आहे. संगीताची निर्मिती कशी होते, याबद्दल ज्यांना कुतूहल आहे, जे गाणे शिकवतात किंवा कोणा नवख्याचे ध्वनिमुद्रण करतात, त्यांनी मात्र ही एलपी जरूर मिळवावी आणि एका बैठकीत दोन्ही बाजू ऐकाव्यात. नाझियाच्या रेकॉर्डींपैकी एकच घ्यायची झाली तरी मी ‘बूम बूम’ किंवा ‘यंग तरंग’च्या आधी हीच घेईन. कव्हर फाटके असेल, त्यावर कोणाचे नाव लिहिलेले असेल, तरी हरकत नाही, भावात घासाघीस करायला ते उपयोगीच पडते. पण खोबण करडी दिसणारी प्रत कितीही स्वस्त मिळत असली तरी तिथेच ठेवून द्यावी.